वेकस्केट घरी बनवताना: प्लाय, इपॉक्सी आणि पाण्याची वाट

वेकस्केट म्हणजे पाण्यावर ओढत न्यायचा, वर नुसतं उभं राहायचा लाकडी बोर्ड. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वेकस्केटांमध्ये मधोमध मोडलेले फार थोडे. बहुतेकांचं दुखणं फिनच्या, म्हणजे तळाला लावलेल्या छोट्या उभ्या पात्याच्या, बोल्टपाशी नाहीतर टोकाच्या काठापाशी सुरू झालेलं असतं. असा एखादा बोर्ड भोकातूनच आडवा कापून बघावा. भोकाभोवतीचं लाकूड करडं-काळं पडलेलं दिसतं आणि तो डाग लाकडाच्या रेषांच्या दिशेनं बोटभर, कधी वीतभर आत गेलेला असतो. नखानं टोकरलं की प्लायचा थर अलगद सुटून येतो. वरची ग्रिप शाबूत, तळाचं चित्र शाबूत, आतून मात्र फळी कधीच गेलेली.

म्हणून आधीच सांगते: घरी वेकस्केट बनवायला घेतलात तर आकाराचा फार घोळ घालू नका. आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी बोर्ड पाण्यावर चालतो. पाणी आत शिरलं की उत्तम आकाराचंही काही चालत नाही. एकूण वेळातला निम्मा वेळ काठ, भोकं आणि लेप यांना द्यायचा, हा माझा हिशोब.

या खेळाशी नवी ओळख असलेल्यांसाठी दोन वाक्यं. वेकबोर्डवर पाय बुटांत जखडलेले असतात, वेकस्केटवर आपण नुसते उभे राहतो आणि बोट, केबल किंवा विंच आपल्याला ओढते. बोर्ड पायाखालून सुटतो, हवेत फिरतो आणि पडताना नडगीवरही आपटतो. तेव्हा तो हलका हवा आणि त्याला कुठेही धारदार कोपरा नको.

मापं

लांबी 100 ते 110 सेंमी आणि रुंदी 38 ते 42 सेंमी या मर्यादेत राहा. पहिल्या बोर्डसाठी मी 105 बाय 41 सेंमी सुचवते. वजन साठ किलोच्या आत असेल तर 102 बाय 39.5 पुरे. लहान बोर्ड पायाखाली चटकन फिरतो, पण पाण्यातून वर येताना तो जास्त ओढ मागतो आणि उतरताना माफ करत नाही.

जाडीचं गणित मात्र नीट समजून घ्या. फळीचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. 9 मिमीची फळी 12 मिमी केली तर जाडी तिसऱ्या हिश्शानं वाढते, ताठपणा मात्र दुपटीहून जास्त, सुमारे 2.4 पट होतो. सत्तर किलोचा माणूस दोन्ही टोकांवर टेकवलेल्या 12 मिमी बर्च प्लायवर मधोमध उभा राहिला तर फळी दोन-अडीच सेंटिमीटर खाली जाते. 9 मिमीची पाच-सहा सेंटिमीटर जाते. ती लगेच तुटणार नाही, पण उडी मारून उतरलात की पायाखाली लोळेल. 12 मिमी धरा. वजन लेपाआधी सव्वातीन किलोच्या आसपास येतं, ते चालतं.

प्लाय निवडताना

12 मिमीचं तयार प्लाय आणून वाकवता येत नाही, हे उघड आहे. पातळ थर साच्यावर वाकवून एकमेकांना चिकटवायचे आणि त्याच वाकात सुकू द्यायचे. 4 मिमीचे तीन थर की 3 मिमीचे चार? मी चार घेते, कारण साच्यातून काढल्यावर फळी थोडी सरळ होऊ बघते आणि ही उसळी थरांच्या संख्येच्या वर्गानं कमी होते. तीन थर असतील तर वाकाचा सुमारे नववा हिस्सा परत जातो, चार असतील तर सोळावा. 50 मिमीच्या वाकात साडेपाच मिमी विरुद्ध तीन मिमी, एवढा फरक पडतो.

लाकूड बर्च असावं. मरीन प्लायही चालतं, पण 3 मिमी जाडीत ते चांगलं मिळायला हवं. दुकानात दोन गोष्टी बघा. पहिली, काठावर दिसणारी डिंकाची रेघ. गडद तपकिरी असेल तर तो बहुधा फिनॉलिक डिंक, पाण्यात टिकणारा. रेघ पांढुरकी असेल तर संशय घ्या. खात्री करायची तर पाच सेंटिमीटरचा तुकडा आणून काही तास पाण्यात उकळा, मग हातानं थर ओढून बघा. थर सुटला तर ते शीट कपाटासाठी ठेवा. दुसरी गोष्ट, आतल्या थरातली पोकळी. शीट उभं धरून नाण्यानं टकटक करत जायचं. जिथे आवाज बसका येतो तिथे आत रिकामं आहे. तो भाग काट-कचऱ्यात जाईल असं कापा.

तुकडे 115 बाय 45 सेंमीचे, चारही तुकड्यांत बाहेरच्या थराच्या रेषा बोर्डच्या लांबीच्या दिशेनं. हे विसरलात तर फळी लांबीत लुळी पडते. बर्च प्लाय पुष्कळदा 1525 मिमी चौरस शीटमध्ये येतं आणि त्यातून असे तीनच तुकडे निघतात. दुसरं शीट लागतंच. उरलेले तुकडे साच्याच्या पृष्ठभागाला आणि नमुने तपासायला उपयोगी पडतात, वाया जात नाहीत.

साचा

बोर्डची टोकं वर उचललेली असतात, तो वाक म्हणजे रॉकर. बोर्ड सपाट जमिनीवर ठेवला की टोक जमिनीपासून जितकं वर, तितका रॉकर. पाच सेंटिमीटर हा सुरक्षित आकडा आहे. बाजारात मधे सपाट आणि टोकांकडे एकदम वळलेले बोर्डही मिळतात. ते लाटेवरून जास्त जोरात उडवतात, पण घरच्या साच्यात ती वळणं प्लायला तडा देतात. एकसलग वाक घ्या.

उसळीचे तीन मिमी धरून साचा 53 मिमीचा करायचा. वक्ररेषा काढायला मोठा कंपास नको. मध्यबिंदूपासून दोन्हीकडे 13 सेंमीवर 3 मिमी, 26 सेंमीवर 13 मिमी, 39.5 सेंमीवर 30 मिमी आणि 52.5 सेंमीवर 53 मिमी उतार, असे बिंदू प्लायवर मांडा. प्रत्येक बिंदूवर खिळा ठोका, त्यांना टेकवून लाकडाची सरळ, बिनगाठीची पातळ पट्टी वाकवा आणि पेन्सिल फिरवा. एखादा खिळा चुकीच्या जागी असेल तर पट्टी तिथे कुबड काढते आणि डोळ्याला लगेच दिसतं. अशा वेळी आकड्याऐवजी पट्टीचं ऐका. रेषा पुढे साच्याच्या टोकापर्यंत, म्हणजे 57.5 सेंमीपर्यंत तशीच वाढवा.

18 मिमी प्लायच्या अशा सहा फासळ्या कापायच्या. पहिली नीट घासून घ्यायची आणि बाकीच्या तिच्यावरून उतरवायच्या. त्या 45 सेंमी रुंदीत समान अंतरावर उभ्या करा, मधे आडवे ठोकळे घाला आणि वर 3 मिमी प्लायचे दोन थर ठोकून पृष्ठभाग करा. फुगीर बाजू वर. बोर्ड यावर पालथा तयार होतो: साच्याला टेकते ती उभं राहायची बाजू, वर राहतो तो तळ. साच्यावर जाड प्लॅस्टिक ताणून चिकटवा, नाहीतर साचा आणि बोर्ड कायमचे एक होतील.

इथे एक हट्ट सोडायला सांगते. स्केटबोर्डसारखा रुंदीतही खोलगट वाक, कॉन्केव्ह, सगळ्यांनाच हवा असतो. लांबीत वाकलेला कागद त्याच वेळी रुंदीतही वाकवून बघा. कडेला चुण्या पडतात. प्लायचं तेच होतं, फक्त चुणीऐवजी थरांमध्ये फट राहते, नेमकी काठापाशी, म्हणजे पाण्याच्या तोंडाशीच. कारखान्यात पातळ व्हिनियर आणि जबरदस्त दाब असतो, तिथे ते जमतं. आपण रुंदीत सपाट ठेवू आणि पायाला काठ कळावा याची सोय नंतर वरून करू.

चिकटवणं

तीन प्रकारचे डिंक लोक वापरतात. पाण्यात टिकणारा पांढरा-पिवळा लाकडी डिंक स्वस्त आणि सोपा, पण सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो आणि उन्हात तापलेल्या बोर्डचा रॉकर कमी होत जातो. फेस येणारा पॉलियुरेथेन डिंक फट भरल्यासारखं दाखवतो, त्या फेसात ताकद काही नसते. मी इपॉक्सीच घेते, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवले की घट्ट होणारा डिंक, आणि तोही सावकाश सुकणाऱ्या हार्डनरसह. चार थरांमध्ये तीन जोड, प्रत्येक अर्ध्या चौरस मीटरचा. सगळं मिळून साधारण 400 ग्रॅम मिश्रण लागतं.

ते एकदम कालवू नका. खोल डब्यात एकत्र ठेवलेली इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेनं तापते, धूर सोडते आणि डब्यातच दगड होते. दोन हप्त्यांत कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. प्रमाण उत्पादकानं सांगितलं असेल तसंच. त्यानं वजनाचं दिलं असेल तर वजनानं, मापाचं दिलं असेल तर मापानं. या दोन्हींचे आकडे वेगळे असतात. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल हा समज पॉलिएस्टर रेझिनवरून आलेला आहे. इपॉक्सीत त्यानं मिश्रण कायमचं मऊ राहतं. नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. हातावर सांडली तर थिनरनं पुसू नका, थिनर तिला कातडीतून आत न्यायला मदत करतो. साबण आणि पाणी.

आधी प्रत्येक पृष्ठभागावर साधी इपॉक्सी पातळ ओढून घ्या आणि दहा मिनिटं थांबा. कोरडे डाग दिसतील, तिथे लाकूड पिऊन बसलंय. त्यावर परत हात फिरवा. मग उरलेल्या मिश्रणात सिलिका पावडर घालून केचपइतकं घट्ट करा आणि प्रत्येक जोडाच्या एका बाजूला दातेरी पट्टीनं पसरा. चारही थर रचले की मधल्या आडव्या रेषेवर, दोन्ही कडांच्या वाया जाणाऱ्या भागात, एकेक खिळा मारून थर साच्यावर अडकवा. टोकं अडकवायची नाहीत. वाकताना वरचा थर खालच्यापेक्षा लांब वाटेनं जातो, म्हणून टोकाला थर एकमेकांवरून सरकतात आणि त्यांना सरकू द्यायला हवं.

दाबासाठी पाच सेंमी जाडीच्या आडव्या लाकडी पट्ट्या, दर बारा सेंमीवर एक. पट्टीची खालची कड रंध्यानं किंचित फुगीर करा, मधे दीड-दोन मिमी जास्त. दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळले की पट्टी सरळ होते आणि मधोमधही दाब पोचतो. सपाट पट्टी मधे उचललेली राहते. मधल्या पट्टीपासून सुरुवात करून आळीपाळीनं टोकांकडे जा. काठातून इपॉक्सीचे बारीक मणी ओळीनं बाहेर आले की थांबा. आणखी आवळलात तर जोडातलीच इपॉक्सी पिळून निघेल आणि तिथे लाकडावर लाकूड राहील.

व्हॅक्यूम बॅगची पद्धत याहून सुंदर आहे. बोर्ड साच्यासकट प्लॅस्टिकच्या बॅगेत बंद करून आतला दाब पंपानं 0.8 बारनं कमी केला तर बोर्डच्या क्षेत्रफळावर तीन टनांहून जास्त भार पडतो, तोही सगळीकडे सारखा. त्यासाठी लोक जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वापरतात. तो चालतो, पण आतला गॅस जाणकाराकडून काढून घ्यावा, हवेत सोडू नये. साचाही घट्ट एक्स्ट्रूडेड फोमचा हवा, पॅकिंगमधला दाणेदार पांढरा थर्माकोल या दाबाखाली बसतो. एकच बोर्ड करायचा असेल तर मी या भानगडीत पडणार नाही. चार-पाच करायचे असतील तर पंप वसूल होतो.

चोवीस तास हात लावू नका, थंडी असेल तर अठ्ठेचाळीस.

कापणं आणि काठ

पुठ्ठ्यावर बोर्डचा पाव भाग काढा, कापा आणि तोच चार वेळा पलटून फळीवर उतरवा, म्हणजे डावं-उजवं आणि पुढचं-मागचं तंतोतंत जुळतं. मधे 41 सेंमी, टोकापासून दहा सेंमीवर साधारण 32, तिथून गोल. जिगसॉला बारीक दातांचं पातं लावा, रेषेवर कागदी टेप लावा म्हणजे वरचा थर उखडत नाही, आणि रेषेच्या दोन मिमी बाहेरून कापा. उरलेलं कानशीनं आणि लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या सँडपेपरनं घासा. डोळे मिटून काठावरून तळहात फिरवला की उंचवटा लगेच सापडतो.

तळाकडची कड मधल्या भागात तीन मिमी गोलाईची ठेवा, पाण्याला पकड मिळते. टोकांकडे ती पाच-सहा मिमीपर्यंत गोल करत न्या, नाहीतर उतरताना टोक पाण्यात रुततं. वरची कड सगळीकडे सहा मिमी. फार तलवारीसारखी कड ठेवायचा मोह होतो, पण तिच्यावरचा लेप पहिल्याच घासण्यात उडतो. गोल कडेवर लेप टिकतो.

आता भिंग नसेल तरी चालेल, चांगला उजेड घ्या आणि काठ इंचाइंचानं बघा. प्लायच्या मधल्या थरात सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील. त्यांत टाचणी घाला. ती दोन मिमी जाते की दोन सेंटिमीटर, हे बाहेरून कळत नाही. प्रत्येक भोकात इपॉक्सी आणि सिलिकाची घट्ट लुगदी सिरिंजनं भरा.

भोकं

फिन हव्यातच का? सपाट तळाच्या लाकडी बोर्डला सुरुवातीला हव्यात, नाहीतर तो आडवा घसरतो. दोन लहान फिन, प्रत्येक टोकाला मध्यरेषेवर एक, टोकापासून सात सेंमी आत, उंची 25 ते 30 मिमी. जुन्या जाड प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डमधून त्या छान कापून निघतात. ते प्लॅस्टिक एचडीपीई असतं, त्याला डिंक चिकटत नाही, म्हणून बोल्टच लागतात. सगळ्या कडा गोल करा.

प्रत्येक फिनला एम6 मापाचे दोन स्टेनलेस बोल्ट. सहा मिमीचं भोक पाडलं, बोल्ट घातला आणि आवळला, असं करू नका. त्या भोकाच्या भिंतीत प्लायचे सगळे थर उघडे पडलेले असतात आणि बोल्ट हलला की तिथूनच पाणी आत ओढलं जातं. माझ्या टेबलावर कापलेल्या मेलेल्या बोर्डांतला काळा डाग इथूनच निघालेला असतो.

त्याऐवजी आधी 12 मिमीचं भोक पाडा. खालून टेप लावून बंद करा. आत ब्रशनं साधी इपॉक्सी लावा, पाच-दहा मिनिटांनी परत लावा, कारण आडव्या रेषांची टोकं ती भराभर पितात. मग भोक घट्ट लुगदीनं काठोकाठ भरा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सुकू द्या. लेप आणि कापड झाल्यावर त्याच्या बरोबर मधोमध सहा मिमीचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्टभोवती तीन मिमी जाडीचं इपॉक्सीचं कडं राहतं आणि बोल्ट लाकडाला कुठेच शिवत नाही. मध्य सापडावा म्हणून भरण्याआधीच बोर्डवर बाहेरून मापं टिपून ठेवा. वरच्या बाजूला बोल्टचं डोकं बसायची खळगीही अशीच: मोठी पाडा, भरा, मग पुन्हा मापात पाडा.

बसवताना डोक्याखाली आणि फिनखाली पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको. त्याचा अंश लाकडावर राहिला की पुढे त्या जागी इपॉक्सी किंवा व्हार्निश धरत नाही आणि दुरुस्ती करणाऱ्याचा जीव जातो.

लेप

लाकडाच्या छिद्रांत हवा असते. खोली तापत असताना लेप दिलात तर ती हवा फुगते आणि लेपातून बुडबुडे निघत राहतात. प्रत्येक बुडबुडा मागे एक बारीक नळी सोडून जातो. खोली थंड होत असताना लेप दिला तर हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. म्हणून फळी दुपारभर उबदार जागी ठेवायची आणि संध्याकाळी लेप द्यायचा. यात कसलाही खर्च नाही आणि फरक मोठा आहे. काठावर तर लेप टेकवताक्षणी तो आत जाताना दिसतो: चमक मिनिटभरात मरते, परत लावायचं, पुन्हा मरते, परत. चमक टिकली की काठ भरला.

तळावर काचेचं कापड घाला, चौरस मीटरला 200 ग्रॅमचं. ब्रायन ग्रब आणि डॉमिनिक प्राइसनर यांनी फिलिपिन्समधल्या बनौए इथल्या भातखाचरांवर वेकस्केटिंग केलं होतं, एका पायरीवरून खालच्या पायरीवर उतरत. इतक्या उथळ पाण्यात तळाला चिखल आणि बांध लागणारच. आपल्याला खाचरं मिळोत न मिळोत, काठाचे दगड, रॅम्प आणि बोटीचा मागचा फळकुटा कुणाला चुकत नाहीत. कापड काठावरून वरच्या बाजूला सेंटिमीटरभर वळवा. लाकडावरचा पहिला लेप नखाचा ठसा घेतो पण बोटाला चिकटत नाही, अशा अवस्थेत कापड पसरायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं इपॉक्सी मधून कडेकडे ओढायची. कापड पारदर्शक झालं की पुरे. पांढरे ठिपके म्हणजे कोरडं राहिलं, कापड तरंगताना दिसलं म्हणजे जास्त झालं. त्यावर आणखी दोन पातळ लेप, वरच्या बाजूला तीन.

सुकलेल्या इपॉक्सीवर पुष्कळदा मेणासारखा चिकट पडदा येतो. सँडपेपर त्याला नुसता पसरवतो. आधी साधं पाणी आणि घासणीनं धुऊन पुसा, मगच घासा. घासताना चांगला मास्क आणि लांब बाह्या. काचेची धूळ कातडीला दोन दिवस खाजवते आणि फुफ्फुसांना तर नकोच. आठवडाभर पूर्ण पक्की होऊ द्या. शेवटी अतिनील किरणं रोखणारं व्हार्निश, दोन हात. हे टाळता येत नाही, कारण उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडून भुगा होते आणि मग पाण्याची वाट मोकळी.

उभं राहायची बाजू

स्केटबोर्डची खरखरीत ग्रिप टेप सर्वात घट्ट धरते, आणि गुडघे, कोपर, कपडे सगळं सोलते. ती घेतलीत तर बूट घालूनच चढा. अनवाणी चढायचं असेल तर दोन-तीन मिमीचा ईव्हीए फोम, वर खाचा असलेला. तो कॉन्टॅक्ट ग्लूनं लावा: दोन्ही बाजूंना पातळ थर, हाताला कोरडा वाटेपर्यंत थांबणं, मग एका टोकाकडून रोलर फिरवत खाली बसवणं. एकदा टेकला की हलत नाही, म्हणून मधे बेकिंग पेपर ठेवून तो सरकवत न्या.

कॉन्केव्हची सोय इथे होते. फोमच्या खाली, दोन्ही कडांच्या थोडं आत, बोटभर रुंद आणि चार मिमी जाडीच्या फोमच्याच पट्ट्या चिकटवा. त्यांची आतली बाजू तिरकी घासलेली हवी. पायाला न बघता काठ कळतो, टाच आणि चवडा टेकायला आधार मिळतो, आणि प्लाय वाकवायची कटकट नाही. टेप वापरत असाल तर टेपखालीही हेच करता येतं, फक्त फोम घट्ट जातीचा घ्या.

पाण्यात

बोर्ड तरंगतो, पण जेमतेम. पाच लिटरपेक्षा कमी आकारमान, तीन-साडेतीन किलो वजन. तुम्हाला तो उचलणार नाही. जीवरक्षक जाकीट आणि हेल्मेट घाला, कारण मोकळा बोर्ड कुठून येईल सांगता येत नाही. पहिल्या फेरीत वेग ताशी 25 किमीच्या आसपास, उड्या नाहीत, फक्त डावीकडे-उजवीकडे कड लावून बघायचं. बोर्ड एका बाजूला ओढत असेल तर बहुधा फिन मध्यरेषेतून फिरलेली असते. बोर्डचं पुढचं टोक सतत पाण्यात घुसत असेल तर पाय दोन सेंटिमीटर मागे घ्या, त्यानंच सहसा सुटतं.

बाहेर आल्यावर बोर्ड पुसा, बोल्ट हातानं तपासा आणि तळावर बोट फिरवा. ओरखडा फक्त लेपात असेल तर तो पांढरा दिसतो, चिंता नाही. ओल्या बोर्डवर ओरखड्याची रेघ गडद दिसली तर पाणी लाकडापर्यंत पोचलंय. तो बोर्ड त्या दिवशी परत पाण्यात टाकू नका. सावलीत उभा करून पाच-सहा दिवस वाळू द्या, रेघेचा रंग आजूबाजूच्या लाकडासारखा झाला की ती जागा घासून इपॉक्सीचे दोन हात द्या. ओल्या लाकडावर लेप दिलात तर पाणी बाहेर राहण्याऐवजी आत कोंडलं जातं.